आश्वासन कोणते आणि धोरण कोणते?

निवडणूक जवळ आली की नाशिकमध्ये पक्षांची पत्रके घरोघरी पोहोचू लागतात आणि त्यांत दोन प्रकारचा मजकूर सरमिसळ होऊन आलेला असतो. एका ओळीत ‘शेतकऱ्याला न्याय मिळवून देऊ’ असे असते. पुढच्याच ओळीत अमुक कायद्यात दुरुस्ती करून त्यासाठी अमुक मार्गाने निधी उभारू, असे असते. पहिले आश्वासन आहे आणि दुसरे धोरण, पण वाचणारा दोन्ही एकाच मापाने मोजतो. मध्यममार्गी म्हणवणाऱ्या आणि टोकाची भाषा टाळणाऱ्या पक्षांच्या बाबतीत ही गल्लत अधिक होते. त्यांचे आश्वासनही संयत शब्दांत आलेले असते, आणि बोलणारा संयत असला की त्याने हिशेबही केलाच असेल, असे आपण परस्पर गृहीत धरतो.

आश्वासनात फळ सांगितलेले असते. धोरणात त्या फळापर्यंत जाण्याची वाट सांगितलेली असते: अधिकार कोणाचा, पैसा कोणाच्या खिशातून, लाभ कोणाला आणि नकार कोणाला. यातला शेवटचा भाग पत्रकात सहसा सापडत नाही, कारण नकाराने मते मिळत नाहीत. माझ्या मते मात्र धोरणाची खरी ओळख तिथेच पटते.

कायद्यानेही या दोहोंत काही प्रमाणात फरक केला आहे. तमिळनाडूतील मोफत वस्तूंच्या वाटपावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये असे म्हटले की जाहीरनाम्यातील आश्वासने लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण ठरत नाहीत. मात्र निवडणूक आयोगाने जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक सूचना तयार कराव्यात, असेही न्यायालयाने सांगितले. त्यानुसार २०१४ मध्ये आदर्श आचारसंहितेत भर पडली, आणि आश्वासनामागचे कारण व त्यासाठी लागणारा पैसा उभा करण्याचे मार्ग जाहीरनाम्यात ढोबळमानाने सांगावेत, अशी अपेक्षा नोंदवली गेली. म्हणजे आश्वासनाने धोरणाच्या दिशेने दोन पावले तरी टाकावीत, असे आयोगाला वाटते. व्यवहारात बहुतेक पक्ष पहिल्या पावलावरच थांबतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत लाडकी बहीण योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांऐवजी महायुतीने २,१०० आणि महाविकास आघाडीने ३,००० रुपयांचा आकडा जाहीर केला. आकड्यांच्या त्या चढाओढीत दरमहाची ही वाढ कोणता खर्च कमी करून किंवा कोणता कर वाढवून भागवायची, ही चर्चा मागेच राहिली.

या चर्चेशिवाय राज्य चालत नाही, याचा महाराष्ट्रातला सर्वांत चांगला दाखला म्हणजे रोजगार हमी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना १९७२ च्या दुष्काळाने राज्यव्यापी केली. ‘मागेल त्याला काम’ हे तिचे घोषवाक्य पाहिले तर ते शुद्ध आश्वासनच वाटते, आणि तेवढ्यावर थांबले असते तर ते दुष्काळाबरोबरच विरून गेले असते. परंतु त्यासाठी लागणारा पैसा कोठून आणायचा, याचे उत्तर राज्याने दिले. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, इतर काही करांवरही भार टाकण्यात आला आणि जमा होईल तितकीच रक्कम राज्याने स्वतःची घालावी, अशी रचना झाली. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा असून त्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ पासून झाली. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या कोणीही आपली पगारपत्रके काढून पाहावीत: बहुतेकांना दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल आणि फेब्रुवारीच्या पत्रकात तोच ३०० झालेला दिसेल, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने घातलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे. ही कपात कशासाठी सुरू झाली, हे बहुतेक पगारदारांना ठाऊक नसते. पण शहरातल्या पगारातून गावातल्या मजुरीची सोय करणे हा राजकीय निर्णय होता आणि शहरी मतदार नाराज होईल, हे गृहीत धरून तो घेतला गेला.

त्यातच नकाराचीही सोय होती. काम अंगमेहनतीचे ठेवल्याने ज्याला खरोखर गरज आहे तोच येई; गरीब कोण, याची यादी करून देणाऱ्या मधल्या माणसाची गरज बरीचशी संपली. केंद्राने २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

मवाळ किंवा नेमस्त राजकारणाची आपल्याकडची परंपरा याच वृत्तीची होती, आणि तिचे एक मूळ नाशिक जिल्ह्यात आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ मध्ये निफाडचा. त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते आजही धोरण कसे असावे याचा नमुना म्हणून वाचावे. सर्व मुले शिकतील, असे त्यांनी म्हटले नाही. जेथे काही प्रमाणात मुले आधीच शाळेत जात आहेत तेथेच सक्ती लागू करता येईल. सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्था ठरवेल. आरंभी ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरतीच असेल. आणि खर्चाचा एक तृतीयांश भार स्थानिक संस्थेने व दोन तृतीयांश सरकारने उचलावा, अशी ती मांडणी होती. मुलींना आरंभी वगळणे आज खटकते आणि खटकायलाही हवे. पण कोणाला वगळले आहे हे लपवलेले नव्हते, त्यामुळे त्यावर वाद घालता येत होता. १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. फेटाळले गेले तरी ते धोरणच राहिले. उलट एखादे आश्वासन उधारीवर पाळले गेले, म्हणून त्याचे धोरण होत नाही. यश हे या दोहोंतल्या फरकाचे माप नाही.

नाशिकपुरते बोलायचे तर कांद्याइतकी या दोहोंची सरमिसळ दुसऱ्या कशातही होत नाही. ‘निर्यातबंदी होऊ देणार नाही’ हे वाक्य विधानसभेच्या प्रचारात लासलगाव, पिंपळगाव, येवला अशा सगळ्या पट्ट्यात ऐकू येते. परदेशी व्यापार हा सातव्या अनुसूचीतील संघसूचीचा विषय आहे, नोंद ४१. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लागली ती केंद्राच्या अधिसूचनेने, आणि मे २०२४ मध्ये उठली तीही केंद्राच्याच अधिसूचनेने. विधानसभेत निवडून गेलेल्या आमदाराच्या हाती त्यात सही करण्याजोगे काही नव्हते. तो दिल्लीत आवाज उठवू शकतो आणि त्याने तो जरूर उठवावा, पण मग पत्रकातही तेवढेच लिहावे. राज्याच्या हातात साठवणूक आहे, बाजार समित्यांचा कायदा आहे, कांदाचाळीचे, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडचे, अनुदान आहे, वीज आहे. राज्य सुधारण्याच्या व्यवहारी कल्पना मांडणाऱ्या पक्षाने या चार गोष्टींवर बोलावे, निदान नाशिकमध्ये तरी.

घोषणा आणि धोरण यांच्यामध्ये काय काय असते, हे २०२३ च्या कांदा अनुदानाने जवळून दाखवले. भाव कोसळल्यावर राज्याने क्विंटलला ३५० रुपये जाहीर केले. बातमी तेवढीच होती. प्रत्यक्ष योजना आली तेव्हा त्यात १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळातली विक्री, प्रति शेतकरी २०० क्विंटलची मर्यादा, विक्रीची पट्टी (पावती) आणि सातबाऱ्यावर कांद्याच्या पिकाची नोंद अशा अटी होत्या. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद करण्याच्या व्यवस्थेत, नोंद न केलेल्या असंख्य शेतकऱ्यांच्या हाती कांदा विकल्याची पट्टी होती, पण सातबारा त्या पिकाबद्दल गप्प होता, आणि मग गावपातळीवर पाहणी करून दाखला देण्याची वाट काढावी लागली. यात कोणी फसवणूक केली, असे म्हणता येणार नाही. अट नसती तर व्यापाऱ्याच्या कांद्यालाही अनुदान गेले असते. एवढेच की शेतकऱ्याने ऐकले होते आश्वासन आणि त्याच्या समोर आले ते धोरण.

याउलट नाशिकच्या मेट्रो निओचा, म्हणजे रबरी टायरांवर धावणाऱ्या विजेच्या मेट्रोचा, मुक्काम फार काळ उल्लेखातच राहिला. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपये सांगितले गेले, शहरात पेढेही वाटले गेले असतील. पण भाषणातील आकडा आणि केंद्रीय मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी या निराळ्या गोष्टी आहेत, आणि २०२४ संपले तरी द्वारका चौकातली कोंडी तशीच होती. आकडा आहे म्हणून ते धोरण आहे, असेही नाही, एवढे यातून घ्यावे.

पाण्याच्या प्रश्नात तर आश्वासन अक्षरशः दोन दिशांना वाहते. नाशिक-नगरच्या सभेत ‘आमच्या धरणांतले पाणी खाली जाऊ देणार नाही’ आणि मराठवाड्यात जायकवाडी धरणाखालच्या सभेत ‘हक्काचे पाणी मिळवून देऊ’, ही वाक्ये एकाच पक्षाच्या दोन नेत्यांकडून ऐकायला मिळतात, आणि दोन्ही ठिकाणी टाळ्या पडतात. धोरणाला ही चैन परवडत नाही, कारण पाणी एकच आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व आणि त्यावर मेंढेगिरी समितीने सुचवलेले कोष्टक हे धोरण आहे: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांनी किती सोडायचे, याचा हिशेब त्यात आहे. नाशिककरांना ते कोष्टक पटत नसेल तर वेगळे कोष्टक मांडण्याचा मार्ग मोकळा आहे, आणि व्यवहारी पक्षाने तेच करावे. गंगापूर धरणाच्या दारात उभे राहून छायाचित्र काढणे त्यापेक्षा सोपे आहे, हेही खरे.

याच जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर, याहून कमी गाजलेले पण जास्त उपयोगाचे काम झाले आहे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९० च्या दशकात पाणी वापर संस्था उभ्या करण्याला हात घातला. संस्थेने खात्याकडून पाणी घनमापनाने, म्हणजे मोजून घ्यायचे, सभासदांत स्वतः वाटायचे आणि पाणीपट्टी स्वतः वसूल करून भरायची, अशी ती पद्धत होती. पाणी मोजून मिळत असल्याने कोणते पीक घ्यायचे हे शेतकऱ्याचे त्याने ठरवायचे. पण कोटा संपला की संपला, आणि शेजाऱ्याला ‘आता नाही’ हे सांगण्याचे अवघड काम खात्याच्या माणसाऐवजी संस्थेच्या पदाधिकाऱ्यावर येते. २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा अशा संस्थांना पक्का आधार मिळाला. एका पक्षाने ‘प्रत्येक शेताला पाणी’ असे लिहिले आणि दुसऱ्याने ‘कालव्याच्या प्रत्येक वितरिकेवर मोजमाप बसवून पाणी वापर संस्थांच्या हवाली करू’ असे लिहिले, तर पहिल्याला जास्त मते पडतील. पण दुसऱ्याला पाच वर्षांनी ‘किती वितरिका?’ असे विचारता येईल.

विचारता येणे हा गुण २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमातही आहे. ‘पारदर्शक कारभार’ या शब्दांना कोणी जबाबदार धरू शकत नाही, पण दाखला ठरल्या मुदतीत न मिळाल्यास अपील करता येते आणि कारणाशिवाय उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याचा वापर कमी होतो ही तक्रार रास्त आहे. ती करता येते, कारण तुलना करायला मुदत लिहिलेली आहे.

सत्तेवर आल्यावर आश्वासनाचे धोरण झाले की नाही, हे पाहण्यासाठी भाषणांपेक्षा शासन निर्णय वाचावा. त्यातील प्रस्तावना बहुधा पुन्हा आश्वासनाच्याच भाषेत असते, ती ओलांडून पुढे जावे. पात्रतेच्या अटींनंतर खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यावर, टाकावा, हे सांगणारा परिच्छेद येतो, आणि शेवटी, ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ या ओळीच्या थोडे आधी, वित्त विभागाची सहमती कोणत्या अनौपचारिक संदर्भ क्रमांकाने मिळाली तेही दिलेले असते. लेखाशीर्ष नसेल, किंवा असूनही ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ असे लिहिलेले असेल, तर घोषणा अजून पत्रकातच आहे असे समजावे. अर्थसंकल्पानंतर जाहीर झालेल्या योजनेचा पैसा पुढच्या अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांत, म्हणजे जादा खर्चासाठी सरकार विधिमंडळाकडे मागते त्या मंजुरीत, दिसला पाहिजे, आणि पावसाळी व हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्या दिवसांत मांडल्या जाणाऱ्या त्या जाडजूड पुस्तिकेत आपल्या विभागाचे पान उघडून पाहिले की तो दिसतो किंवा दिसत नाही.