खणातली मॅट ट्रेला का चिकटते?

परवा किचनचा खण साफ करायला घेतला तर चमच्यांचा पारदर्शक ट्रे उचलेचना, खाली अंथरलेली ती रबरी जाळीची मॅट त्याला इतकी घट्ट बसली होती की ओढून काढली तर ट्रेच्या बुडाला जाळीची नक्षीच उमटलेली. घरात लगेच निकाल लागला, उन्हाळ्यानं मॅट वितळली. पण खरं मऊ पडलं होतं ते ट्रेचं बूड.

ही 'रबरी' मॅट बहुतेक वेळा रबराची नसतेच, पीव्हीसीची असते. म्हणजे नळाचा तो कडक पाइप असतो ना, तेच प्लास्टिक. मग मऊ कसं? १९२६ च्या सुमारास अमेरिकेत वाल्डो सेमन या केमिस्टनं पीव्हीसी तेलकट द्रवात गरम केलं आणि ते लवचिक झालं. या द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात. शिजून गार झालेल्या शेवयांचा गोळा आठवा, त्यात तूप सोडलं की शेवया एकमेकींवरून सरकायला लागतात, तसंच प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचं होतं.

गंमत अशी की हे 'तूप' साखळ्यांना रासायनिक बंधानं बांधलेलं नसतं, नुसतं मधे अडकलेलं असतं. शेजारी दुसरं सोयीचं प्लास्टिक दिसलं की तिकडे झिरपतं, उकाड्यात आणखी भराभर. पारदर्शक ट्रे बऱ्याचदा पॉलिस्टायरीनचे असतात. त्यांचं काचसंक्रमण तापमान, म्हणजे कडक साखळ्या हलायला लागतात ते तापमान, साधारण १०० अंश. प्लास्टिसायझर आत शिरला की ते खाली खाली येतं, आणि खोलीच्या तापमानालाच पृष्ठभाग चिकट होतो.

म्हणून पीव्हीसीच्या मॅटवर ट्रे ठेवायचाच तर पॉलिप्रोपिलीनचा घ्या, बुडाला त्रिकोणात ५ लिहिलेला, त्यात हा द्रव फारसा मुरत नाही. ६ आकडा म्हणजे पॉलिस्टायरीन, तो टाळा. किंवा मॅटच ईव्हीए या दुसऱ्या प्लास्टिकची घ्या, तिचा मऊपणा साखळीतच असतो, वरून ओतावा लागत नाही. सनमायकाला धोका नाही, त्याच्या साखळ्या एकमेकींना पक्क्या जोडलेल्या असतात. पॉलिश केलेल्या लाकडावर मात्र डाग पडू शकतो.



शाळेत कंपासपेटीत खोडरबर पट्टीला चिकटायचा तो हाच प्रकार, कारण बरेचसे खोडरबरही पीव्हीसीचेच. त्याला कागदाचं कव्हर असतं ते याचसाठी, आणि आपण ते पहिल्याच दिवशी फाडून टाकायचो.