ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर चालू ठेवायचा की बंद?

आमच्याकडून लेन्स किंवा ट्रायपॉड भाड्याने नेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आम्ही हे पत्रक देतो. मे संपत आला की काजव्यांच्या फोटोंसाठी भंडारदऱ्याकडे जाणाऱ्यांची रांग लागते आणि सोमवारी त्यातलेच काही जण तोंड पाडून परत येतात. "दादा, या लेन्समध्ये काहीतरी गडबड आहे. ट्रायपॉडवर ठेवूनसुद्धा झाडं धूसर आलीत." आम्ही लेन्स तपासतो. बहुतेक वेळा काच ठणठणीत असते, फोकसही जागच्या जागी असतो. स्टॅबिलायझर, म्हणजे हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात बसवलेली यंत्रणा, तेवढी चालू राहिलेली असते.

घाईत असाल तर एवढं वाचा. कॅमेरा खरोखर स्थिर असेल आणि शटर सावकाश चालणार असेल, तर स्टॅबिलायझर बंद. कॅमेरा हातात, मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर), बोटीत किंवा जिप्सीत असेल तर चालू. खाली ट्रायपॉड आहे की नाही हा प्रश्नच नाही. कॅमेरा हलतोय की नाही, हा आहे. ट्रायपॉडवरही कॅमेरा हलू शकतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

आत नेमकं काय चालतं

कॅनन याला आयएस म्हणते, निकॉन व्हीआर, सोनी ओएसएस, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी. पाट्या वेगळ्या, काम एकच. एसएलआरच्या अदलाबदलीच्या लेन्समध्ये ही सोय पहिल्यांदा १९९५ साली कॅननच्या ७५-३०० मिमी झूममध्ये आली. आत दोन छोटे जायरो सेन्सर असतात. कॅमेरा वर-खाली आणि डावी-उजवीकडे किती वेगाने कलतोय हे ते सांगतात. त्या हिशेबाने लेन्समधला काचांचा एक गट विद्युतचुंबकांच्या जोरावर उलट्या दिशेला सरकतो. मिनोल्टाने २००३ मध्ये काचेऐवजी कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा सेन्सरच हलवायला सुरुवात केली. आजच्या अनेक मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या बॉडींमधला स्टॅबिलायझर त्याच जातीचा आहे, फक्त आता तो वरखाली, आडवा आणि गोल असा पाच प्रकारे सावरतो.

हे सगळं बेतलेलं आहे माणसाच्या हाताच्या थरथरीवर, म्हणजे सेकंदाला साधारण एक ते वीस वेळा होणाऱ्या हालचालीवर. तिथे फायदा खराच मोठा आहे. २०० मिमीवर हातात धरून १/२०० सेकंदाचं शटर लागत असेल, तर चार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे शटरचा वेळ दुप्पट) स्टॅबिलायझर तुम्हाला १/१३ पर्यंत खाली नेतो.

कॅमेरा दगडासारखा स्थिर असला की मात्र जायरोला मोजायला काही उरत नाही. तरीही त्याच्या सिग्नलमध्ये किंचित नॉईज, म्हणजे खोटे बारीक चढउतार, असतोच. यंत्रणेला तो नॉईज आणि खरी हालचाल यांतला फरक कळत नाही. ती नॉईजचीच बेरीज करत जाते आणि काच हळूहळू एका बाजूला सरकू लागते. शिवाय काच सरकली की लेन्सला बारीकसा धक्का बसतो, तो जायरोला जाणवतो आणि पुन्हा दुरुस्ती सुरू होते. बाळ केव्हाच झोपलंय, पण पाळण्याची दोरी ओढणारा हात काही थांबत नाही, तसंच हे.

१/५०० ला याचा पत्ताही लागत नाही. अर्ध्या सेकंदापासून पुढे जाणवू लागतं आणि तीस सेकंदांच्या फ्रेममध्ये झाडाची प्रत्येक काडी दुहेरी दिसू शकते. (गंमत म्हणजे पृथ्वी ताशी १५ अंश फिरते, तेही चांगल्या जायरोच्या मोजणीत उतरतं. कॅमेरा जमिनीला धरून स्थिर असला तरी जायरोच्या दृष्टीने तो फिरतच असतो!)

काजवे आणि तारे

काजव्यांचा फोटो एका फ्रेममध्ये होत नाही. वीस-तीस सेकंदांच्या बऱ्याच फ्रेम घेऊन त्या नंतर संगणकावर एकावर एक रचायच्या असतात. प्रत्येक फ्रेममध्ये झाडं तीच, काजवे तेवढे नवे. त्यामुळे स्टॅबिलायझर इथे दुप्पट त्रास देतो. एकेक फ्रेम पुसट होते हे एक, आणि दोन फ्रेमच्या मधे काच किंवा सेन्सर पुन्हा मध्यावर येताना किंचित वेगळ्या जागी थांबला, तर रचलेल्या फोटोत झाडांच्या कडा जाड आणि भुताटकी दिसतात. मग तुम्ही रात्रभर ट्रायपॉडला शिव्या घालता.

ताऱ्यांच्या फोटोत दोष ओळखण्याची एक सोपी खूण आहे. फोटो मोठा करून तारे आणि क्षितिजावरची झाडं शेजारी शेजारी बघा. तारे लांबट पण झाडं धारदार असतील, तर ती पृथ्वीची करामत. २० मिमी लेन्सवर ३० सेकंदांत आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा (खगोलीय विषुववृत्त) तारा सेन्सरवर सुमारे ४४ मायक्रॉन सरकतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर हे सात-एक पिक्सेल झाले. शटर कमी करा, बाकी सगळं ठीक आहे. तारे आणि झाडं दोन्ही एकाच दिशेला फराटली असतील, तर स्टॅबिलायझर चालू होता किंवा ट्रायपॉड हलला. तारे धारदार आणि झाडं तेवढी हललेली असतील, तर वारा होता. त्याला इलाज नाही.

काजव्यांच्या झाडावर बॅटरीचा झोत मारू नका, एवढं मात्र सगळ्यांसाठी सांगतो. बटण शोधायचं असेल तर अंधार पडायच्या आत शोधून ठेवा.

बटण कुठे असतं

यात लोक सर्वात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

लेन्सवर स्विच असेल तर गोष्ट सोपी. कॅननच्या १८-५५ किट लेन्सवर डाव्या अंगाला 'स्टॅबिलायझर' असं लिहिलेला स्विच असतो, तो ऑफला करा. सिग्माच्या १५०-६०० वर त्याच जागी तीन घरं आहेत: १, २ आणि ऑफ. १ नेहमीसाठी, २ पॅनिंगसाठी (हलत्या गोष्टीसोबत कॅमेरा फिरवत फोटो काढण्यासाठी). ट्रायपॉडवर आणि बल्ब मोडमध्ये (बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडं) ओएस वापरू नका, असं सिग्माच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं आहे. २ वर ठेवलं म्हणजे बंद झालं असं समजणारे आम्हाला दर हंगामात भेटतात.

निकॉनच्या एएफ-पी १८-५५ व्हीआर लेन्सवर स्विचच नाही. तिथे कॅमेऱ्याच्या मेन्यूतून व्हीआर बंद करावा लागतो आणि काही जुन्या बॉडींवर तो पर्यायच दिसत नाही. तुमची बॉडी जुनी असेल तर नेण्याआधी आमच्यासमोर लावून बघा. पर्याय नसेल तर दुसरी लेन्स देऊ.

बॉडीत स्टॅबिलायझर असलेल्या मिररलेसमध्ये अजून एक गंमत आहे. कॅनन आर ६ सारख्या बॉडीवर स्विच असलेली आयएस लेन्स चढवली, की मेन्यूतला आयएस मोडचा पर्याय दिसेनासा होतो. लेन्सवरचा स्विचच तेव्हा दोघांचा मालक असतो. "दादा, मेन्यूतून ऑप्शन गायब झाला" म्हणून रात्री फोन येतात ते यामुळेच. स्विच नसलेली लेन्स लावली की पर्याय परत दिसतो. सोनीत मेन्यूत 'स्टेडीशॉट' शोधा. काही बॉडींवर व्हिडिओची सेटिंग वेगळी असते, फोटोची बंद केली म्हणून ती बंद होत नाही. पेंटॅक्सवाल्यांचं बरं आहे, सेल्फ टायमर किंवा रिमोट लावला की शेक रिडक्शन आपोआप बंद होतो.

जुन्या मॅन्युअल लेन्स अडॅप्टरने लावणाऱ्यांसाठी: बॉडीला लेन्स किती मिमीची आहे ते कळत नाही, ते मेन्यूत हाताने भरावं लागतं. १३५ ची लेन्स लावून ५० चा आकडा ठेवलात, तर हातात धरूनही स्टॅबिलायझर अर्धवटच काम करेल.

'माझी लेन्स ट्रायपॉड ओळखते'

काही ओळखतात, खरं आहे. कॅननने १९९९ मध्ये आणलेल्या मोठ्या पांढऱ्या टेलिफोटोंपासून ही सोय दिसू लागली आणि निकॉनच्या काही मोठ्या लेन्सवर 'ट्रायपॉड' असं वेगळं घरच आहे. जायरोला काही काळ हालचाल दिसली नाही, की यंत्रणा आपणहून शांत बसते किंवा शटर-मिररच्या बारीक कंपनांपुरतीच काम करते.

पण आपल्याकडे सेकंडहँडमध्ये ज्या लेन्स फिरतात, त्यात १९९८ ची कॅननची पहिली १००-४०० भरपूर आहे, ती पुढे-मागे ओढायच्या झूमची. ती ट्रायपॉड ओळखत नाही. बंदच करा. ओळखणाऱ्या लेन्सवरही आमचा अनुभव असा, की वारा आला-गेला की यंत्रणा चालू-बंद होत राहते आणि दहा फ्रेममधल्या तीन-चार वाया जातात. म्हणून लांब शटरला आम्ही तरी स्वतः स्विचच ऑफ करतो. बटण सरकवायला पैसे पडत नाहीत.

बंद करू नका अशा जागा

मोनोपॉडवर चालू ठेवा. मोनोपॉड वर-खाली होणं थांबवतो, डोलणं थांबवत नाही. गिंबल हेड (जड लेन्स सहज फिरवता येणारं ट्रायपॉडचं डोकं) मोकळं सोडून पक्ष्यांच्या मागे लेन्स फिरवत असाल तरी चालू, कारण तुमचा हात लेन्सवरच आहे.

भिगवणला बोटीत रोहित टिपताना बोट डुलते, ट्रायपॉडचा उपयोग शून्य. तिथे स्टॅबिलायझर चालू आणि शटर १/१००० च्या वर. ताडोब्यात जिप्सीच्या दांड्यावर बीनबॅग टाकून लेन्स ठेवली की ती स्थिर वाटते, पण इंजिन चालू असेल तर गाडीची घरघर थेट लेन्समध्ये उतरते. चालकाला इंजिन बंद करायला सांगा आणि स्टॅबिलायझर तरीही चालू राहू द्या. मागच्या बाकावर कोणीतरी कूस बदलतंच.

गणपतीत लक्ष्मी रोडवर एखाद्या गॅलरीत ट्रायपॉड लावून मिरवणूक टिपणाऱ्यांनीही तेच करावं. ढोल-ताशा खाली आला की गॅलरीची फरशी हादरते, ट्रायपॉडसकट. लाकडी स्टेज आणि मांडवाच्या फळ्यांचंही तसंच.

व्हिडिओ

ट्रायपॉडवर पॅन करताना स्टॅबिलायझर चालू असेल, तर सुरुवातीला चित्र अडकल्यासारखं होतं आणि थांबल्यावर जरासं मागे-पुढे घसरतं. तुम्ही मुद्दाम फिरवताय हे यंत्रणेला कळत नाही, ती तुमच्याशी भांडते. लग्नाच्या चित्रीकरणात हे हमखास दिसतं. ट्रायपॉडवर आहात तोवर बंद ठेवा, डिजिटल आयएसही (सॉफ्टवेअरने चित्र सावरणारा) बंद, तो उगाच कडा कापतो. वरातीत कॅमेरा हातात घेतलात की चालू करा.

ट्रायपॉडचीही थोडी तपासणी

स्टॅबिलायझर बंद करूनही फोटो हललेला असेल, तर दोष बहुधा खाली आहे. मधला दांडा वर काढलेला असतो, तो पूर्ण खाली घ्या. हुकाला बॅग अडकवली असेल आणि वाऱ्यावर ती झोके घेत असेल, तर न अडकवलेली बरी. अडकवायचीच तर जमिनीला टेकेल इतकी सैल. कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्यावर फडफडतो, तो काढून खिशात घाला. रिमोट किंवा दोन सेकंदांचा टायमर वापरा. डीएसएलआरवर १/६० ते एक सेकंद या पट्ट्यात मिररचा धक्का सगळ्यात जास्त दिसतो, तिथे मिरर लॉकअप (आरसा आधीच वर उचलून ठेवायची सोय) वापरा. ट्रायपॉड न ओळखणाऱ्या स्टॅबिलायझरच्या आवाक्यातला हा धक्का नाही.

खडखड आवाज

कॅमेरा बंद असताना हलवल्यावर आत काहीतरी सुटल्यासारखं वाजतं, म्हणून बरेच ग्राहक धास्तावून येतात. सेन्सर हलवणाऱ्या अनेक बॉडींमध्ये वीज नसताना सेन्सर मोकळाच असतो, तो वाजतो. चालू केल्यावर तो जागेवर धरला जातो आणि आवाज जातो. लेन्सही वाजू शकते, विशेषतः स्टॅबिलायझर चालू असतानाच ती काढली असेल तर. पुन्हा चढवा, कॅमेरा चालू करून मग बंद करा. लेन्स काढताना आधी कॅमेरा बंद करण्याची सवय मात्र लावून घ्या. चालू असताना कानाशी धरल्यास बारीक गुणगुण येते, तीही ठीक.

ठीक नसलेल्या गोष्टी या: चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये उडी मारतं, करकर आवाज येतो, किंवा स्टॅबिलायझर चालू-बंद काहीही असलं तरी फ्रेमची एकच बाजू कायम धूसर येते. अशा वेळी वापर थांबवा आणि लेन्स आमच्याकडे आणा.

आणण्याआधी घरी एक चाचणी करा. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर, झूम पूर्ण लांब, शटर दोन सेकंद, फोकस मॅन्युअलवर लॉक, टायमर लावलेला. पाच फोटो स्टॅबिलायझर चालू ठेवून, पाच बंद करून. बारीक मजकूर शंभर टक्के मोठा करून वाचा. बंदचे पाचही धारदार आले तर लेन्स निरोगी आहे, दुरुस्तीचा खर्च वाचला. दोन्हीकडचे सारखेच धूसर आले तर ट्रायपॉडही सोबत घेऊन या. फोटो कार्डावर मूळ फाइलमध्येच असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोत काहीच कळत नाही.

भाड्याची लेन्स आम्ही स्विच ऑनवर ठेवून देतो. परत करताना तो ऑफ राहिला तरी हरकत नाही, पण ट्रायपॉडवरून कॅमेरा उतरवून परतीच्या वाटेवर हातातून फोटो काढणार असाल, तर आठवणीने ऑन करा.