त्या दगडाचा रंग कोणता?

वैशाखात आमच्या घरी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट पहाटेच चुलीवर चढतो. अमळनेरचं ऊन नऊनंतर गच्चीवर पाय टेकू देत नाही, त्यामुळे तोवर शेवटचा बिबडा धोतरावर पडलेला असावा लागतो. यंदा आमचे हात चालू असताना भाचीने पाण्याच्या टाकीला टेकवून मोबाइल उभा केला आणि ‘श्यामची आई’ लावला. आचार्य अत्र्यांचा, १९५३चा, कृष्णधवल. दहा मिनिटांत माझ्या आईच्या डोळ्यांना पाणी आलं. मामीने मात्र घाटाने भरलेला हात तसाच वर धरून सांगून टाकलं, “हाई ती माय नही शे.”

दोघींनी पुस्तक शाळेत असताना वाचलेलं. दोघींच्या कपाटात आजही त्याची पिवळी पडलेली प्रत आहे. आईने चित्रपट आजवर कितीदा तरी पाहिलाय, मामी पहिल्यांदाच पाहत होती. वाद चांगलाच पेटला. मामी म्हणाली, “श्यामची आई इतकी सावकाश बोलत नाही.” आई म्हणाली, “तू कधी ऐकलंस तिला बोलताना?”

आईला वाटलं, आता मामी गप्प बसेल. पण मामीने “हो, ऐकलंय” म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. मनातल्या मनात वाचतानाही आपण ऐकत असतो. २०११ साली ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून छोट्या गोष्टी वाचायला दिल्या. पात्राचं बोलणं त्याच्याच तोंडचं म्हणून अवतरणचिन्हांत आलं, की माणसाचा आवाज ओळखणारा मेंदूचा भाग जास्त जागा व्हायचा. तेच बोलणं ‘ती म्हणाली की’ अशा वळणाने आलं, की तेवढा नाही. त्याआधी २००८ मध्ये जेसिका अलेक्झांडर आणि लिन नायगार्ड यांनी वाचकांना दोघांचं बोलणं ऐकवलं होतं, एक झरझर बोलणारा, एक संथ. मग हा उतारा याचा आणि तो त्याचा, असं सांगून वाचायला दिलं. उतारा अवघड असला, की संथ माणसाच्या नावावरचा मजकूर लोक मनातल्या मनातही हळू वाचत.

मामीच्या माहेरी अहिराणी बोलतात. तिथल्या आया मुलाला समजावतात ते तुटक, ठसक्याने, हातातलं काम न थांबवता. साने गुरुजींच्या छापील मराठीवर मामीच्या कानाने तो ठसका कधीच चढवला होता. चाळीस वर्षं तिने श्यामच्या आईला तशीच बोलताना ऐकलं आणि आता मोबाइलमधून भलताच आवाज आला. अभिनेत्री कितीही चांगली असो, मामीच्या आईचा आवाज ती कुठून आणणार?

मग मला एक गोष्ट विचारावीशी वाटली. पुस्तकातला तो प्रसंग सगळ्यांना पाठ असतो. श्यामची आंघोळ झालीय, ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून तो हट्ट धरतो आणि आई दगडावर आपल्या लुगड्याचा ओचा पसरते. मी विचारलं, तो दगड कसा आहे?

आईने क्षणाचाही विचार केला नाही. काळा, चौकोनी, मधोमध झिजून खोलगट झालेला, हौदाशेजारी. हा तर तिच्या मामाच्या घरचा धुण्याचा दगड, लहानपणी मीही पाहिलेला. मामी म्हणाली, पिवळसर, गोटा असतो तसा, बोरी नदीच्या पात्रातला, आणि त्यावर हिरवं लुगडं. मावशी बराच वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, “दगड असा दिसत नाही गं मला. पायांना गार लागतं, तेवढं कळतं.” भाचीचा दगड राखाडी होता. तिने चित्रपट आधी पाहिलाय, पुस्तक नंतर वाचलंय.

मी घरात जाऊन प्रसंग पुन्हा वाचला. दगडाचा रंग, आकार, चकाकी, काही दिलेलं नाही. द्यायचं कारणही नव्हतं. लेखक दगड म्हणतो आणि पुढे जातो, बाकीचा दगड वाचक आपल्या घरून आणतो. खरं तर गोष्ट कोकणातली, दापोलीजवळच्या पालगडची. मी स्वतः ती वाचली तेव्हा श्यामचं घर धाब्याचं होतं, अंगणात कडुनिंब होता आणि दारात बैलगाडी सोडलेली होती. माडाचा उल्लेख आला की मी तेवढ्यापुरता एक माड उभा करायची आणि पान उलटलं की तो नाहीसा व्हायचा. नंतर पडद्यावर कोकण दिसलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. पुस्तकाला धरून होता तो चित्रपटच, मी नव्हे. वाचक ‘पुस्तकाशी प्रामाणिक राहा’ म्हणून दिग्दर्शकाला बजावतात, तेव्हा त्या मागणीत असे कितीतरी धाब्याचे वाडे दडलेले असतात असं मला वाटतं.

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी ही सवय फार पूर्वी पकडली. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाने पुन्हा सांगायला लावली. सांगता सांगता कथेतल्या लाकूड कोरून केलेल्या होड्या साध्या नावा झाल्या, सीलची शिकार साधी मासेमारी झाली, जे चमत्कारिक वाटलं ते गळून पडलं. १९३२च्या त्यांच्या पुस्तकात हे सविस्तर आहे. कोणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. आठवण म्हणजे कपाटातून जशीच्या तशी काढलेली वस्तू नव्हे. दर वेळी ती नव्याने रचली जाते आणि ती रचायला लागणारी माती-दगड आपल्याच गावची असते.

आता चित्रपट इतका का खुपतो, याकडे येऊ. त्यासाठी एका केळ्याची गोष्ट सांगायला हवी, आणि केळ्याची गोष्ट आमच्या जळगाव जिल्ह्यात सांगायला मला विशेष आवडतं.

कॉर्नेल विद्यापीठातल्या चेव्ज पर्की या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला एका धुरकट काचेकडे बघायला सांगायचं आणि त्या काचेवर अमुक वस्तू कल्पनेने आणा म्हणायचं. टोमॅटो, पुस्तक, पान, केळं. त्याला न सांगता काचेमागून त्याच वस्तूचं अतिशय फिकं चित्र टाकायचं आणि ते दिसेल न दिसेल एवढंच हळूहळू वाढवायचं. लोक ते चित्र खरोखर बघत होते, पण त्यांना वाटत होतं की ही आपलीच कल्पना. काहींना एवढंच नवल वाटलं, की केळं उभं का दिसतंय, आपण तर आडव्या केळ्याचा विचार करत होतो. (रावेर-यावलकडच्या माणसाला त्यात नवल वाटलं नसतं. केळं म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे घड येतो, आणि घडातलं प्रत्येक केळं वर तोंड करून असतं.)

पर्कीबाईंच्या केळ्याने दाखवून दिलं, की कल्पनेने बघणं आणि डोळ्यांनी बघणं यांची वाट बरीचशी एकच आहे. पुढे स्कॅनर आले तेव्हा ते मेंदूतही दिसलं. २००० साली कॅथलीन ओ’क्रेव्हन आणि नॅन्सी कॅनविशर यांनी दाखवलं, की चेहरा नुसता डोळ्यांपुढे आणला तरी चेहरे ओळखणारा मेंदूचा भाग कामाला लागतो, आणि एखादी जागा डोळ्यांपुढे आणली तर जागा ओळखणारा भाग. अर्थात कल्पनेत ही हालचाल प्रत्यक्ष पाहण्यापेक्षा मंद असते.

मामीची श्यामची आई आणि पडद्यावरची श्यामची आई मेंदूत एकाच ओट्यावर बसायला येतात. एक चाळीस वर्षांची, पण धूसर. दुसरी आत्ताच आलेली, पण ठळक, हलती-बोलती, पुन्हा पुन्हा बघता येणारी. मामीला तिच्या मनातल्या श्यामच्या आईचं नाक सांगता येणार नाही, पडद्यावरचं नाक मात्र तिला आता विसरता येणार नाही. आपलं माणूस जाग्यावरून उठवलं गेल्याची ही भावना आहे, आणि “नटी चुकीची घेतली” या तक्रारीखाली ती असते असं माझं मत आहे.

याच साने गुरुजींनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं ऐकत ऐकत उतरवून घेतली. तेही एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणंच होतं, आणि त्याचं सगळ्यांनी स्वागत केलं. आवाजाची अक्षरं झाली की वाचकाला आपला आवाज घालायला जागा राहते. अक्षरांचं चित्र झालं की ती जागा भरते.

पण मग आईच्या डोळ्यांत पाणी का आलं? आणि मावशी, जिला दगडच दिसत नाही, ती इतकी रंगून का बघत होती?

मावशीचं उत्तर मला जास्त मोलाचं वाटतं, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात चित्र उमटतंच असं आपण गृहीत धरतो. ते तसं नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये लोकांना विचारलं होतं, की आज सकाळचं न्याहारीचं टेबल आठवा, काय दिसतं? कोणी कपबशीवरची नक्षी सांगितली, तर काहींना हा प्रश्नच कळेना. मनात ‘दिसतं’ ही आजवर त्यांनी नुसती बोलायची रीत समजली होती. २०१५ मध्ये अ‍ॅडम झेमन यांनी मनात चित्र न उमटण्याच्या या स्थितीला ‘अफँटेशिया’ हे नाव दिलं. साधारण शंभरातल्या एक ते चार जणांना मनात चित्र उमटतच नाही किंवा जेमतेम उमटतं, असे अंदाज आहेत. तो आजार नाही, अशी माणसं आपल्या आजूबाजूला असतात आणि पुष्कळदा त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं. मावशी त्यांतली आहे की नाही हे मी ठरवणार नाही. पण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा २०२१चा एक प्रयोग तिच्या निमित्ताने आठवला. अंधाऱ्या खोलीत लोकांना भीतीदायक गोष्टी वाचायला दिल्या आणि त्वचेवरच्या घामाच्या बारीक बदलावरून त्यांची भीती मोजली. मनात चित्र उमटणाऱ्यांची भीती गोष्टीबरोबर चढत गेली, चित्र न उमटणाऱ्यांची जवळपास जागची हलली नाही. मग भीतीदायक छायाचित्रं दाखवली, तेव्हा दोन्ही गट सारखेच घाबरले.

ज्याच्या मनात पडदाच नाही, त्याच्यासाठी चित्रपट काही हिरावून घेत नाही, उलट कोरी जागा भरून देतो. एकच पुस्तक तितकंच आवडणाऱ्या दोघांचं एका चित्रपटावरून जमत नाही, त्यामागे कधी कधी एवढा साधा फरक असू शकतो. आपण मात्र रसिक कोण आणि अडाणी कोण यावर भांडत बसतो.

आईची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या माहेरच्या दगडाला चित्रपटाने धक्का लावला नाही, कारण तिने दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेत. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून तिने चित्रपट पाहिला, त्यामुळे तिला तो बघताना आपले वडीलही दिसतात. म्हणूनच २०२३ साली याच पुस्तकावर पुन्हा चित्रपट आला, तेव्हा हीच माझी आई अर्ध्यातून उठली आणि म्हणाली, “ही ती नव्हे.” थेट मामीच्या तोंडचं वाक्य. तिच्यासाठी मूळ म्हणजे अत्र्यांचा चित्रपट झाला होता. भाचीचंही तेच. चित्रपटानंतर पुस्तक हातात घेतलं तेव्हा ती मला म्हणाली होती, “यात किती जास्तीचं घातलंय!” जे आधी भेटतं ते खरं ठरतं, मग ते छापील असो की हलतं.

यात आणखी एक धागा आहे, मेहनतीचा. मायकेल नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना घड्या घालून कागदाचे पक्षी आणि बेडूक करायला दिले. वाकडेतिकडे झाले, तरी करणाऱ्याने आपल्या वस्तूला कसबी कलाकाराच्या वस्तूच्या जवळपास किंमत दिली. बाहेरच्यांना ती कवडीमोल वाटली. कादंबरी वाचणं हे कागदी पक्ष्यापेक्षा फार मोठं काम आहे. आठ-दहा तास आपण घरं बांधतो, माणसं उभी करतो, त्यांना आवाज देतो. अमळनेरात तर गुरुजी आमचेच. ते प्रताप हायस्कुलात शिकवायचे, इथल्या वसतिगृहातल्या मुलांची सेवा करायचे. त्यांचं पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं आणि त्यातलं गाव कोकणातलं, तरी इथल्या वाचकाला ते गल्लीतलं वाटतं. अशा बांधकामाला दुसऱ्याने हात लावला की जीव कळवळतो, आणि मला तो कळवळा अगदी रास्त वाटतो.

एकदा बाजू पडल्या की चित्रपट सुद्धा दोन होतात. १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन अमेरिकन कॉलेजांत फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. नंतर त्याचंच चित्रण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून चुका मोजायला सांगितल्या. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या संघाच्या जितक्या चुका दिसल्या, त्याच्या निम्म्याही डार्टमथच्या मुलांना दिसल्या नाहीत. आमच्या गच्चीवर आठपर्यंत तेच झालं. मामी आणि आई दोघी एकाच मोबाइलकडे बघत होत्या, आणि एकीला फक्त चुका दिसत होत्या, दुसरीला एकही नाही.

ऊन चढलं, धोतरं भरली, मोबाइल तापून बंद पडला. मामीने शेवटपर्यंत पाहिलं होतं, हे मात्र मी लक्षात ठेवलं.

पंधरा दिवसांनी वाळलेले बिबडे वाटून घ्यायला ती आली, तेव्हा मी सहज पुन्हा विचारलं, तो दगड कसा गं? “सांगितलं ना, बोरीचा, पिवळसर.” आणि लुगडं? मामीने डबा बंद करता करता हात थांबवला. “हिरवंच व्हतं,” ती म्हणाली. “आता त्याले रंग दिसत नही.”