सीमाभागातल्या पोरांचा होमवर्क एवढा वाढला कसा

होमवर्क किती द्यावा यावर दरवर्षी शाळा सुरू झाली की पालकांच्या ग्रुपवर वाद ठरलेला, एक म्हणतो शाळेत काही अभ्यासच देत नाहीत, दुसरा म्हणतो पोरगं रात्री दहापर्यंत लिहीत बसतंय. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हा प्रश्न जरा जास्तच अवघड झालाय, त्याला कारणं आहेत आणि ती जुनी आहेत.

आपल्या आजोबांच्या काळात घरचा अभ्यास म्हणजे परवचा. दिवेलागणीला शुभंकरोति म्हणायचं, मग पाढे, पावकी, निमकी, दिडकी मोठ्यानं म्हणायची, झालं. लिहायचं ते पाटीवर, पुसलं की संपलं. "धडा पाच वेळा लिहून आणा" हा प्रकार मला वाटतं वहीबरोबरच आला, कारण वही तपासता येते, पालकांना दाखवता येते.

1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेलं. त्याचं राजकारण इथे नको, पण पोरांच्या दप्तरावर परिणाम झालाच. मराठी माध्यमाच्या पोराला मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषा आणि तीन लिप्या. 2015 च्या कायद्यानं कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली. एसएसएलसीचे, म्हणजे इथल्या दहावीचे, एकूण मार्क 625, त्यातले भाषांचेच 125, 100 आणि 100, म्हणजे 325, निम्म्याहून जास्त. मग तिन्ही भाषांचे मास्तर लिहायला देणारच की, त्यांचा तरी काय दोष.

कन्नड शिकायलाच पाहिजे, याच राज्यात नोकरी-धंदा करायचा आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती कन्नड घरी पाठवण्याबद्दल. बेळगावच्या वडगावात आई-बाप दिवसभर मागावर, पोरगी संध्याकाळी उंबऱ्यावर बसून कन्नडची कागुणित, म्हणजे बाराखडी, उतरवतेय, अक्षर उलटं काढलंय की सुलटं हे सांगायला घरात कोणी नाही, आणि तेच चुकीचं अक्षर पान भरून लिहून होतं. आई शेवटी म्हणते ट्यूशनला जा. ट्यूशनवाले परत वेगळा अभ्यास देतात. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बाया असोत की खानापूरकडची भाताची शेती करणारी माणसं, संध्याकाळी पोरांना घेऊन बसायला वेळ कुणाकडे आहे?

ओझं कमी करा हे देशात नवीन नाही. 1989 मध्ये राज्यसभेत लेखक आर. के. नारायण दप्तराच्या ओझ्यावर बोलले, ते तर म्हैसूरचेच. 1993 मध्ये प्रो. यशपाल समितीनं स्पष्ट लिहिलं की प्राथमिकच्या पोरांना होमवर्क नकोच, फार तर आजूबाजूचं काही बघून या, शोधून या एवढंच सांगा. पुढची पंचवीस वर्षं ते कागदावरच पडून राहिलं म्हटलं तरी चालेल. 2018 मध्ये मद्रास हायकोर्टानं पहिली-दुसरीचा होमवर्क बंद करायला सांगितलं, त्याच वर्षी केंद्राचं पत्रक निघालं, 2019 मध्ये कर्नाटक सरकारनंही पहिली-दुसरीला होमवर्क नको म्हणून आदेश काढला आणि महिन्याचा तिसरा शनिवार बिनदप्तराचा केला.

मग 2020 मध्ये कोरोना आला, अभ्यास व्हॉट्सअपवर आला, घरात मोबाईल एकच आणि तो पण बापाबरोबर कामावर. शाळा उघडल्या तरी रात्री आठ-नऊला ग्रुपवर अभ्यास टाकायची सवय बऱ्याच ठिकाणी राहिलीच आहे, हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

त्याच 2020 मध्ये केंद्राचं स्कूल बॅग धोरण आलं. दुसरीपर्यंत होमवर्क नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त 2 तास, सहावी ते आठवीला रोज 1 तास, नववीपासून पुढे रोज 2 तास. आता तिसरी-चौथीचा हिशोब करा, मराठी, कन्नड, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास असे पाच विषय, 120 मिनिटांत प्रत्येकाला आठवड्याला 24 मिनिटं येतात. म्हणून प्रत्येक मास्तरांनी आपापलं देऊन चालणार नाही, सगळ्यांचं मिळून एकत्र मोजायला पाहिजे, आणि कन्नडचं लिहिणं तरी शाळेतच, बाईंच्या समोर व्हायला पाहिजे. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, मीटिंगला इमारत आणि पाण्याची टाकी यावरच वेळ जातो, तिथे पालकांनी वह्या घेऊन जावं आणि एका आठवड्यात किती पानं लिहून झाली ते सरळ टेबलावर ठेवावं.