ज्यूरी व असेसर (खानदेश)

फौजदारी खटल्यात पुरावा ऐकून मत देण्यासाठी बसवलेले सामान्य नागरिक. आज ही पद्धत भारतात नाही; पण १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार सेशन्स (म्हणजे सत्र न्यायालयातला) खटला ज्यूरीपुढे किंवा असेसरांच्या मदतीने चालत असे. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या गुन्ह्यासाठी ज्यूरी बसवायची हे प्रांतिक सरकार ठरवी. असेसरांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नव्हते, हा दोहोंतला मोठा फरक.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. १९०६ मध्ये त्याचे पश्चिम खानदेश (धुळे) आणि पूर्व खानदेश (जळगाव) असे दोन जिल्हे झाले. पात्र व्यक्तींची यादी सेशन्स जज्ज आणि कलेक्टर मिळून करत, ती लोकांना दिसेल अशी लावली जाई आणि तिच्यावर हरकती ऐकल्या जात. मूळ कायद्यात २१ ते ६० वर्षांचे पुरुषच पात्र होते. पोलीस, वकील, वैद्यकीय व्यवसाय करणारे यांना सूट होती. अर्ध्या समाजाला बाहेर ठेवणारी यादी समाजाच्या वतीने बोलते, हे म्हणणे मुळातच लंगडे होते.

यादीतून कोणाला बोलवायचे ते चिठ्ठ्या काढून, तेही उघड्या कोर्टात ठरे. गेल्या सहा महिन्यांत काम केलेल्यांना शक्यतो वगळत. समन्स मिळूनही सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणाऱ्याला शंभर रुपयांपर्यंत दंड होई. खटल्याच्या दिवशी हजर असलेल्यांतून पुन्हा चिठ्ठीनेच ज्यूरी निवडत. एकेक नाव पुकारले जाई आणि आरोपीला विचारले जाई, हरकत आहे का? पक्षपाताचा संशय, पूर्वीची शिक्षा, पोलिसातील काम ही कारणे चालत. संसार सोडलेल्या साधूवरही हरकत घेता येई. निर्णय तिथल्या तिथे न्यायाधीश देई. सेशन्स कोर्टातील ज्यूरीची संख्या विषम असे, जास्तीत जास्त नऊ.

खानदेशाच्या दृष्टीने महत्त्वाची हरकत भाषेची. साक्षीची भाषा न कळणाऱ्याला वगळता येई. पण साक्षीचे भाषांतर होत असेल तर भाषांतराची भाषा कळणे पुरे होते. खानदेशाची बोली अहिराणी मराठीला जवळची, तिच्यापुरते एक वेळ भागेल. पण अक्राणीच्या (नंदुरबारकडच्या सातपुड्यातल्या) डोंगरातला पावरा आदिवासी साक्षीदार त्याच्या बोलीत सांगणार, दुभाषी ते मराठीत आणणार आणि ज्यूरर फक्त मराठी ऐकणार, एवढ्यावर कायद्याचे समाधान होई. शब्द पोचले तरी बोलण्यातला अडखळा, जोर, संकोच वाटेतच गळतो, आणि साक्षीदार खरा की खोटा हे तर त्यावरूनच जोखायचे असते. माझ्या मते या भागात या पद्धतीची खरी उणीव हीच होती.

ज्यूरीचा कौल न्यायाला धरून नाही असे स्पष्ट वाटल्यास सेशन्स जज्ज प्रकरण हायकोर्टाकडे पाठवू शकत असे. मुंबईच्या नानावटी खटल्यात (१९५९) ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवल्यावर नेमके तेच घडले. असेसर १९५५ च्या दुरुस्तीने गेले. विधि आयोगाने १९५८ मध्येच ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली होती. १९७३ च्या संहितेत तिला जागा उरली नाही, आणि ती संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. आता धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या सत्र न्यायालयांत न्यायाधीशच निकाल देतात. आरोपीला न कळणाऱ्या भाषेतली साक्ष त्याला कळेल अशा भाषेत सांगण्याची तरतूद मात्र कायद्यात कायम आहे.