‘शुद्ध’ म्हणजे नक्की काय? कार्बन नॅनोट्यूबच्या दोन वाटांची पार्श्वभूमी

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या. त्यांच्या बातमीत एक आकडा हटकून असतो: शुद्धता इतके टक्के. वाहनांच्या बॅटरीबद्दलच्या बातमीत तो 99 च्या आसपास असला तरी कौतुक होतं. संगणकाच्या चिपबद्दलच्या बातमीत 99.99 असला तरी ‘अजून मजल मारायची आहे’ असं वाक्य येतं. वाचणाऱ्याला वाटतं, एक क्षेत्र ढिसाळ आणि दुसरं काटेकोर. प्रत्यक्षात शब्द एकच आहे आणि मोजल्या जाणाऱ्या गोष्टी दोन आहेत. वाहतूक आणि संगणन या दोन वाटा का फुटल्या, याचं बरंचसं उत्तर या एका शब्दाच्या गुंत्यात आहे.

शोध नेमका कुणाचा, यावर बरीच शाई खर्च झाली आहे. 1952 मध्ये एका रशियन नियतकालिकात सुमारे 50 नॅनोमीटर जाडीच्या पोकळ कार्बन तंतूंची छायाचित्रं छापून आली होती. 1976 मध्येही अशा नळ्या प्रसिद्ध झाल्या. 1991 चा जपानमधला शोधनिबंध गाजला, म्हणून तेच साल सगळ्यांना पाठ. 1993 मध्ये एकपदरी (कार्बनच्या एकाच थराच्या) नळ्या जपान आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे, एकाच वेळी सापडल्या. उपयोगांच्या इतिहासासाठी मात्र 1987 चं एक अमेरिकी पेटंट जास्त मोलाचं आहे, आणि त्यात ‘नॅनोट्यूब’ हा शब्दच नाही. तिथे या तंतूंना ‘फायब्रिल’ म्हटलं आहे. लोखंडासारख्या उत्प्रेरकावर, कार्बन असलेल्या वायूतून हे बहुपदरी (एकात एक थरांचे) तंतू वाढवायचे आणि प्लास्टिकमध्ये मिसळायचे, इतका सरळ तो मामला होता.

वाहतुकीतला प्रवेश तिथूनच झाला, आणि अगदी गाजावाजा न करता. प्लास्टिकच्या नळीतून इंधन वाहताना स्थिर विद्युतभार साठतो, ठिणगी पडण्याचा धोका असतो. हे तंतू लांब आणि बारीक असल्यामुळे अगदी थोडे मिसळले तरी एकमेकांना टेकून विजेला वाट करून देतात. नेहमीची काजळी त्यासाठी कितीतरी जास्त घालावी लागते आणि तेवढ्या काजळीने प्लास्टिक ठिसूळ होतं. 1990 च्या दशकात मोटारींच्या इंधननळ्यांमध्ये आणि विद्युतभाराच्या साहाय्याने रंगवल्या जाणाऱ्या बाहेरच्या भागांमध्ये हे मिश्रण वापरात आलं. म्हणजे ‘भविष्यातला पदार्थ’ असे मथळे छापले जात होते तेव्हा तो रस्त्यावर धावतच होता.

या कामात शुद्धता म्हणजे स्वच्छता: उत्प्रेरकाचे धातुकण किती उरले, नळी न झालेला कार्बन किती राहिला. इंधननळीला थोडा मळ चालतो. बॅटरीला चालत नाही. लिथियम-आयन बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडमध्ये वाहक भर म्हणून बहुपदरी नळ्या घालतात; काजळीपेक्षा कमी वजनात काम भागतं आणि वाचलेल्या जागेत ऊर्जा साठवणारा पदार्थ जास्त बसतो. पण तिथे लोखंडाचे कण राहिले तर ते विरघळून ऋण इलेक्ट्रोडवर जाऊन बसतात आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकतं. म्हणून बॅटरीवाले धातूचं प्रमाण दशलक्षांश भागांत मोजतात. ऋण इलेक्ट्रोडमध्ये सिलिकॉन वापरायचं तर वेगळी पंचाईत. लिथियम शिरल्यावर सिलिकॉन फुगून सुमारे चौपट आकाराचं होतं, पुन्हा आक्रसतं, आणि कणांचा एकमेकांशी संपर्क तुटतो. लांब, लवचीक एकपदरी नळ्या जाळ्यासारख्या त्यांना धरून ठेवतात. विजेच्या गाड्यांच्या संदर्भात नॅनोट्यूबचं सर्वात खरं भवितव्य मला इथे दिसतं, जरी त्याचं छायाचित्र काढण्याजोगं काही नसलं तरी.

या साऱ्यात कोणती नळी धातूसारखी (सतत वीज वाहणारी) वागते आणि कोणती अर्धवाहकासारखी (प्रवाह चालू-बंद करता येणारी), हे कुणी विचारत नाही. चिपच्या दुनियेत मात्र तो एकच प्रश्न आहे.

कार्बनची जाळी कोणत्या कोनात गुंडाळली गेली यावर नळीचा विद्युत स्वभाव ठरतो, हे गणित 1992 मध्येच मांडलं गेलं होतं. निवड न करता वाढवलेल्या एकपदरी नळ्यांपैकी साधारण एक तृतीयांश धातुगुणी निघतात. 1998 मध्ये एकाच नळीचा पहिला ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला विजेचा सूक्ष्म स्विच, तयार झाला, आणि तेव्हापासून या एक तृतीयांश नळ्या डोकेदुखी होऊन बसल्या. धातुगुणी नळी बंद होत नाही. ट्रान्झिस्टर ‘बंद’ असतानाही तिच्यातून प्रवाह झिरपत राहतो आणि शून्य व एक यांतला फरक पुसट होतो. म्हणून इथे शुद्धता म्हणजे अर्धवाहक नळ्यांचं प्रमाण. धातुकण धुऊन अगदी लख्ख केलेला नमुनाही या हिशोबात 67 टक्केच ‘शुद्ध’ असतो.

उपायांचा क्रम पाहण्यासारखा आहे. 2001 मध्ये जाळण्याची युक्ती आली: गेटच्या (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या टोकाच्या) साहाय्याने अर्धवाहक नळ्या बंद करायच्या, मग मोठा प्रवाह सोडायचा, म्हणजे चालू राहिलेल्या धातुगुणी नळ्या हवेत जळून जातात. 2006 मध्ये द्रावणात घोळून, अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये घनतेनुसार नळ्या वेगळ्या करता येऊ लागल्या. पुढे अर्धवाहक नळ्यांनाच निवडून लपेटणारे पॉलिमर आले. इथे एक गंमत होते. नळ्या सुट्या करायला ध्वनिलहरींनी हादरवाव्या लागतात, त्यात त्या तुटून आखूड होतात, आणि लपेटलेला पॉलिमर पूर्ण निघत नाही. दुसऱ्या अर्थाने शुद्ध करता करता माल पहिल्या अर्थाने मळतो. छापील आकड्यात हे कुठेच दिसत नाही.

मग वादाचा मुद्दा समोर आला. किती शुद्ध म्हणजे पुरे? 100 कोटी ट्रान्झिस्टरांची चिप धरा, प्रत्येकात पाच नळ्या. 99.99 टक्के शुद्धतेला त्यात पाच लाख वाईट नळ्या राहतात. 99.999999 टक्क्यांना पन्नास. हा शेवटचा आकडा बराच काळ ध्येय म्हणून सांगितला जात होता आणि त्याच्यापाशीच अनेकांचा उत्साह मावळला. एका गटाचं म्हणणं, निवडत राहा, रसायनशास्त्र तिथवर पोचेल. दुसऱ्याचं म्हणणं, वाईट नळ्या राहणारच हे मान्य करून आराखडा बदला.

2013 मधला पहिला नॅनोट्यूब संगणक दुसऱ्या विचाराचा. त्यात फक्त 178 ट्रान्झिस्टर होते आणि तो एकाच बिटवर काम करायचा. मोजणं आणि क्रम लावणं ही दोन कामं आलटून पालटून करायचा. 1971 च्या पहिल्या व्यापारी मायक्रोप्रोसेसरमध्येही सुमारे 2,300 ट्रान्झिस्टर होते, त्यामुळे हसणारे हसले. पण वाकड्या पडलेल्या नळ्यांनी तर्क बिघडणार नाही अशी मांडणी आणि धातुगुणी नळ्या घाऊक जाळणं, हे दोन्ही त्यात एकत्र चाललं. 2019 मध्ये 14,000 हून जास्त ट्रान्झिस्टरांचा 16 बिटांचा प्रोसेसर आला. त्याच्या कर्त्यांनी दाखवलं की धातुगुणी नळीचा त्रास सगळ्या लॉजिक गेटांना (ट्रान्झिस्टर जोडून केलेल्या तर्काच्या मंडलांना) सारखा होत नाही. गेटांच्या काही जोड्या तो पचवतात, काही नाही. पचवणाऱ्या जोड्याच वापरल्या तर 99.99 टक्के पुरतात. शुद्धतेची अट एका झटक्यात दहा हजार पटींनी सैल झाली. निवड करणारेही थांबले नव्हते. 2020 मध्ये चीनमधल्या एका गटाने पुन्हा पुन्हा गाळून 99.9999 टक्क्यांच्या पुढे मजल मारली, आणि तीही एका मायक्रोमीटरमध्ये शंभरावर नळ्या समांतर बसवून.

माझा कल आराखडा बदलणाऱ्यांकडे आहे. कारण हे नऊचे आकडे मोजायचे कसे, हाच प्रश्न अवघड आहे. प्रकाश किती शोषला जातो यावरून केलेली मोजणी 99.9 च्या आसपास आंधळी होते. त्यापुढे ट्रान्झिस्टर बनवून एकेक तपासावे लागतात, आणि दहा लाखांत एक असा दावा भक्कम करायचा तर लाखो नळ्या तपासून व्हायला हव्यात. शिवाय गेटांच्या निवडीवर बंधन आलं की मांडणीची थोडी किंमत मोजावी लागते, ती मात्र आधीच हिशोबात धरता येते.

आणि तारांच्या क्षेत्रात हाच हिशोब उलटा फिरतो. विमानं आणि अंतराळयानांत तांब्याचं वजन नडतं, म्हणून नळ्यांचे सूत काढून वाहक तारा करण्याचे प्रयत्न चालू आहेत. तिथे धातुगुणी नळी म्हणजे माल आणि अर्धवाहक नळी म्हणजे भरताड. 2011 मध्ये गुरूकडे निघालेल्या यानावर नॅनोट्यूबचे पत्रे विद्युतभारापासून संरक्षणासाठी बसवले होते. हेही काम इंधननळीच्याच जातीचं.

अंतराळ-लिफ्टबद्दल, म्हणजे पृथ्वीपासून अंतराळापर्यंत ताणलेल्या दोरावरून वर जाण्याबद्दल, थोडक्यात. कल्पना 1895 ची, वरून खाली सोडलेल्या दोराची आवृत्ती 1960 ची. 1991 नंतर तिला नळ्यांच्या बळावर नवी पालवी फुटली. 2018 मध्ये काही सेंटिमीटर लांबीच्या जुडग्यांनी 80 गिगापास्कलच्या (ताण मोजण्याच्या एककाच्या) वर ताण सोसला. पण सूत काढलं की नळ्या एकमेकींवरून घसरतात आणि आकडा काही गिगापास्कलवर येतो. आणि दोर जिथवर पोचायला हवा ती भूस्थिर कक्षा 35,786 किलोमीटरवर आहे. मजबूत दोरासाठी लावलेलं अमेरिकेतलं बक्षीस कुणालाच मिळालं नाही. या विषयाला मथळ्यांत मिळणारी जागा त्याच्या वकुबापेक्षा फार जास्त आहे.

आरोग्याच्या बाबतीतही एकाच शब्दाखाली अनेक पदार्थ दडपले गेले. 2008 मध्ये लांब, ताठ बहुपदरी नळ्यांमुळे उंदरांच्या पोटातल्या अस्तरात ॲस्बेस्टॉससारखी प्रतिक्रिया दिसली. 2014 मध्ये एका विशिष्ट प्रकारच्या बहुपदरी नळीला ‘कदाचित कर्करोगकारक’ ठरवलं गेलं. बाकीच्या प्रकारांबाबत पुरावा अपुरा म्हणून वर्गवारी झालीच नाही. बातम्यांत मात्र सरसकट ‘नॅनोट्यूब’ आलं.

चिपच्या वाटेवर अलीकडे सिलिकॉनला हटवण्याची भाषा मागे पडली आहे. सिलिकॉनच्या प्रक्रियेला 1,000 अंश सेल्सिअसच्या पुढचं तापमान लागतं, त्यामुळे तयार थरावर दुसरा सिलिकॉनचा थर चढवला तर खालचा खराब होतो. नळ्यांचे ट्रान्झिस्टर 200 अंशांच्या आत बनवता येतात. 2017 मध्ये अशा एकावर एक थरांच्या चिपमध्ये सुमारे 20 लाख नॅनोट्यूब ट्रान्झिस्टर आणि 10 लाख स्मृतिपेशी बसवल्या गेल्या. वरच्या थरातले ट्रान्झिस्टर वायू ओळखणारे संवेदक होते आणि गोळा केलेली माहिती थेट खालच्या स्मृतीत उतरत होती. संवेदकाला नऊचे सहा आकडे लागत नाहीत.