नव्याने उजळलेल्या जुन्या चित्रपटाची डिस्क परत आणण्यापूर्वी
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कोल्हापुरातील राजारामपुरीतल्या आमच्या दुकानातून जुन्या विज्ञानपटांच्या ४के डिस्क नेणारे कितीतरी ग्राहक आठवड्याभरात त्या परत घेऊन येतात, आणि तक्रार बहुधा ठरलेली असते: ‘चित्रात मुंग्या दिसतात’, ‘चेहरे लालभडक दिसतात’, किंवा ‘एवढे पैसे मोजूनही चित्र जुन्या डीव्हीडीपेक्षा अंधारे आहे’. अशी प्रत्येक डिस्क आम्ही ग्राहकासमोरच लावून पाहतो. बहुतेक वेळा तिच्यात काहीही दोष निघत नाही, ग्राहकाची फेरी वाया जाते आणि ऐन गर्दीच्या वेळी आमचाही तासभर मोडतो. आपण डिस्क परत आणण्यापूर्वी ती घरीच नीट पारखू शकावी, एवढ्यासाठी हे पत्रक काढले आहे.

उदाहरणादाखल आम्ही स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा, परग्रहावरून येणाऱ्या यानांविषयीचा १९७७ सालचा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ घेत आहोत. त्याची ४० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, २०१७ मध्ये, त्याची ४के आवृत्ती बाजारात आली. तक्रारींच्या बाबतीत आमच्याकडे तिचा क्रमांक बराच वर लागतो, आणि डिस्क पारखायला तिच्याइतकी सोयीची दुसरी डिस्कही आमच्या कपाटात नाही.

प्रथम मुंग्यांविषयी. रीमास्टर करताना मूळ निगेटिव्ह नव्याने स्कॅन करतात, त्यावरची धूळ आणि ओरखडे काढतात आणि रंग पुन्हा जुळवतात. ३५ मिलिमीटर निगेटिव्हमध्ये जेवढा तपशील असतो, तेवढा ७२० गुणिले ५७६ बिंदूंच्या डीव्हीडीत कधीच मावत नव्हता; ४के डिस्कच्या ३८४० गुणिले २१६० बिंदूंत तो बऱ्याच अंशी मावतो, आणि त्या तपशिलाबरोबर फिल्मचे कणही दिसू लागतात. हे कण म्हणजे चित्रावर साचलेला कचरा नव्हे. फिल्मवरचे चित्र त्यांचेच बनलेले असते. संगणकाच्या साहाय्याने ते पुसता येतात, पण त्यांच्याबरोबर त्वचेवरची छिद्रे, कापडाची वीण आणि केसांच्या बटाही पुसल्या जातात. ‘प्रेडेटर’ची २०१० ची ब्ल्यू-रे आणि ‘टर्मिनेटर २’ची २०१७ ची ४के डिस्क या नेमक्या याच कारणासाठी टीकेच्या धनी झाल्या, त्यांतले चेहरे मेणाचे वाटतात. या दोन्ही डिस्क आम्ही विकतो, मात्र विकण्यापूर्वी ही गोष्ट स्पष्ट सांगतो. ‘क्लोज एन्काउंटर्स’मध्ये कण राखले आहेत आणि आमच्या मते तेच योग्य झाले. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून चित्रपट काढले आणि जिथे १९२९ मध्ये ‘प्रभात’ची स्थापना झाली, त्या गावात फिल्मच्या कणांची बाजू घेऊन बोलावे लागते, याचे आम्हाला थोडे नवल वाटते.

या चित्रपटात काही दृश्यांत कण कमी तर काहींत एकदम जास्त दिसतात, त्यालाही कारण आहे. त्या काळी आजच्यासारखी संगणकीय दृश्ये नव्हती. चित्रपटाच्या विशेष दृश्यांचे काम पाहणारे डग्लस ट्रम्बुल आणि त्यांचे सहकारी यानांचे दिवे, चांदण्या, ढग आणि नट यांचे चित्रण वेगवेगळे करीत आणि मग ते सारे पुन्हा एका फिल्मवर उतरवीत. दाटून येणारे ते ढगसुद्धा खाऱ्या पाण्याच्या थरावर गोडे पाणी ठेवलेल्या टाकीत रंग सोडून तयार केलेले आहेत. फिल्मवरून फिल्मवर उतरवताना प्रत्येक वेळी कण वाढतात आणि चित्र किंचित मऊ होते. ही झीज कमी व्हावी म्हणून अशा दृश्यांसाठी ६५ मिलिमीटरची रुंद फिल्म वापरली गेली, तरी ती पूर्णपणे टळली नाही. म्हणून यान आकाशात असताना चित्र मऊ आणि लगेच पुढच्या दृश्यात स्वयंपाकघर लख्ख दिसले, तर डिस्क बरोबर आहे असे समजावे.

आता ज्या एका चुकीमुळे सर्वांत जास्त वेळ वाया जातो तिच्याकडे वळू. नवा टीव्ही दुकानातल्या झगमगाटात उठून दिसावा अशा बेताने बसवलेला असतो: रंग भडक, कडा कोरलेल्या आणि हालचाल गुळगुळीत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने भरून तो दैनंदिन मालिकेसारखा करून टाकतो. कडा कोरण्याच्या सोयीमुळे प्रत्येक कण टोकदार होतो, आणि ग्राहकाला ज्या मुंग्या दिसतात त्यांपैकी निम्म्याअधिक तिथेच जन्माला आलेल्या असतात, असा आमचा अनुभव आहे. एवढे बहुतेकांना ठाऊक असते आणि ‘आम्ही सिनेमा मोड लावला आहे’ असे ते आम्हाला सांगतातही. खरी मेख पुढेच आहे. आजचे बहुतेक टीव्ही चित्राची मांडणी (सेटिंग) प्रत्येक जोडणीसाठी वेगळी लक्षात ठेवतात, आणि एकाच जोडणीवरही साध्या चित्रासाठी एक व एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार आणि रंग यांचा पल्ला अधिक मोठा असलेल्या, चित्रासाठी दुसरी अशी स्वतंत्र नोंद ठेवतात. सेट-टॉप बॉक्सवर बातम्या लावून ‘सिनेमा’ निवडला, तर तो बातम्यांपुरताच राहतो. प्लेअरची जोडणी आणि तिच्यावरचे एचडीआर चित्र कारखान्यातून आले त्याच भडक अवस्थेत असते, आणि आपण मात्र सारे नीट केले आहे अशा समजुतीने डिस्कला दोष देत बसतो.

म्हणून मांडणी बदलायची ती डिस्क चालू असतानाच. चित्रपट सुरू करावा, पडद्याच्या कोपऱ्यात एचडीआरची खूण उमटली की चित्र थांबवावे आणि मगच मेनूत जाऊन ‘सिनेमा’ किंवा, असल्यास, ‘फिल्ममेकर’ मोड निवडावा. हालचाल गुळगुळीत करणारी, कण पुसणारी आणि आपोआप उजेड कमी-जास्त करणारी सोय बंद करावी, तसेच कडा कोरण्याचा (शार्पनेसचा) आकडा अगदी खाली आणावा. खूण उमटलीच नाही, तर टीव्हीच्या त्या एचडीएमआय जोडणीची पूर्ण क्षमता बहुधा मेनूत बंद असते. कंपनीगणिक तिला ‘डीप कलर’, ‘एन्हान्स्ड’ अशी निरनिराळी नावे आहेत. ती चालू करावी, नाहीतर प्लेअर नाइलाजाने साधे चित्र पाठवतो आणि तेच पुष्कळदा फिके किंवा अंधारे दिसते. केबलही १८ गिगाबिटची असावी. मांडणी बदलल्यावर पहिली दहा मिनिटे चित्र पिवळट वाटते, कारण डोळ्यांना निळसर भडकपणाची सवय झालेली असते. त्या दहा मिनिटांत निर्णय घेऊ नये.

यानंतर दोन दृश्ये पाहावीत. पहिले भारतातले. चित्रपटात ते धर्मशाळेचे म्हणून दाखवले असले, तरी त्याचे चित्रण आजच्या रायगड जिल्ह्यातील खालापूरजवळच्या हाळ गावात झाले आणि त्या भागासाठी कॅमेरा डग्लस स्लोकम यांच्याकडे होता. मोठा जमाव पाच सुरांची धून आळवत असतो, आणि हे सूर कुठून आले असे विचारताच सगळ्यांची बोटे एकदम आकाशाकडे जातात. परदेशी नटांच्या कातडीचा खरा रंग आपल्याला नक्की ठाऊक नसतो, पण उन्हात रापलेला आपल्याकडचा चेहरा कसा दिसतो हे कोल्हापूरकराला कोणी शिकवावे लागत नाही. हे चेहरे नारिंगी किंवा तांबूस दिसत असतील, तर टीव्ही अजून भडक मोडमध्ये आहे, असे खुशाल समजावे. रंग पारखण्यासाठी आम्ही स्वतः नेहमी हेच दृश्य लावतो.

दुसरे दृश्य रात्रीचे, रेल्वे फाटकापाशी थांबलेल्या ट्रकचे. मागून आलेले दिवे बाजूने पुढे न जाता सरळ वर चढतात आणि थोड्या वेळाने ट्रकवर प्रखर झोत पडतो. तो झोत डोळे दिपवणारा असावा, तरीही भोवतालची रात्र काळीच राहावी. रात्र राखाडी दिसली, तर आधी खोलीतली ट्यूबलाइट बंद करावी. उजेडात बसून एचडीआर पाहणाऱ्यांना तो अंधाराच वाटणार. बसण्याचे अंतरही महत्त्वाचे असते. ५५ इंची पडद्यापासून सात फुटांहून लांब बसल्यास ४के आणि फुल एचडी यांच्या तपशिलातला फरक डोळ्यांना जवळजवळ कळत नाही, रंग आणि उजेड यांचा मात्र कळतो. ज्यांची बैठक दहा-बारा फुटांवर आहे त्यांना आम्ही डिस्कऐवजी आधी पडदा मोठा घ्या असेच सांगतो, आणि त्यात आमचा फायदा आहे हे मान्यच आहे.

‘डीव्हीडीवर चित्रपट पाच मिनिटांनी आधी संपायचा, मग या डिस्कमध्ये काय घुसडले आहे?’ असेही विचारले जाते. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत २४ चौकटी सेकंदाला २५ च्या वेगाने पळतात, त्यामुळे सव्वादोन तासांत पाच मिनिटांहून थोडा अधिक फरक पडतो. त्याबरोबर आवाजाची पट्टीही साधारणपणे चढते. पांढरी एकमधले गाणे जवळजवळ काळी एकला जाऊन पोहोचते. ज्या चित्रपटात सारे काही पाच सुरांवर अवलंबून आहे, त्यात वर्षानुवर्षे ते सूर चढेच ऐकणाऱ्याला खरी पट्टी उतरलेली वाटली, तर नवल नाही. शेवटच्या भागात यानाचा आवाज म्हणून ट्यूबा वाजतो. तो छातीत जाणवला नाही, तर सबवूफर तपासावा.

वरखालच्या काळ्या पट्ट्यांविषयी एवढेच सांगतो की चित्रपट मुळातच रुंद आहे, त्यामुळे टीव्हीच्या पडद्याचा सुमारे चौथा भाग काळा राहणारच. झूम करून पट्ट्या घालवल्या की चित्राच्या दोन्ही कडा जातात.

या चित्रपटाच्या १९७७, १९८० आणि १९९८ अशा तीन आवृत्त्या आहेत. यानाच्या आतला भाग केवळ १९८० च्या आवृत्तीत आहे. स्पीलबर्ग यांनी १९९८ मध्ये तो काढून टाकला. २०१७ च्या संचात तिन्ही आवृत्त्या आहेत, तेव्हा ‘तो भाग कापला आहे’ अशी तक्रार घेऊन येण्यापूर्वी मेनूत आपण कोणती आवृत्ती निवडली आहे ते पाहावे. प्रथमच पाहणाऱ्याने १९९८ ची लावावी, असे आमचे मत आहे.

साध्या ब्ल्यू-रे प्लेअरवर ४के डिस्क चालत नाही. ४के डिस्कला विभागाचे, म्हणजे जगाच्या ठराविक भागातल्या प्लेअरवरच चालण्याचे, बंधन नसते, परंतु परदेशी डब्यातल्या जोडीच्या ब्ल्यू-रेला ते असू शकते आणि ब्ल्यू-रेसाठी भारत ‘सी’ विभागात मोडतो. परस्पर मागवलेल्या डिस्कची जबाबदारी आम्ही घेत नाही, ती याच कारणाने.

दर वेळी नेमक्या त्याच जागी चित्र अडकणे, चौकोनी तुकडे पडणे किंवा प्लेअरने डिस्क न ओळखणे हे खरे दोष आहेत. तत्पूर्वी मऊ कापडाने डिस्क मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसून पाहावी. ब्ल्यू-रे प्रकारच्या डिस्कमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो, म्हणून गोल गोल घासू नये. तरीही दोष राहिला, तर डिस्क पावतीसह आणावी, ती विनातक्रार बदलून मिळेल. कण, पट्ट्या किंवा रंग यांच्या कारणावरून मात्र उघडलेली डिस्क परत घेतली जाणार नाही. आमच्याकडून प्लेअर घेतल्यास शहराच्या हद्दीत घरी येऊन टीव्हीची मांडणी विनामूल्य करून देतो. इतरांसाठी माफक शुल्क आहे, आणि इचलकरंजी, सांगली, गडहिंग्लज येथील ग्राहकांना फोनवर मदत करतो. त्यासाठी टीव्हीचा मॉडेल क्रमांक आणि डिस्क चालू असतानाच्या मेनूचे छायाचित्र आधी पाठवावे, आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळून दुपारची वेळ घ्यावी.